पाटीवरून उतरलेली भाकरी

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. जगाच्या पाठीवरून माणसं ती पाहायला येतात आणि सोयगावचं नावही न ऐकता परत जातात. अजिंठा गाव घाटाच्या माथ्यावर, सिल्लोड तालुक्यात. लेणी घाटाखाली, वाघूर नदीच्या नालाकृती वळणात, लेणापूरच्या शिवारात. आणि तालुक्याचं ठिकाण तिथून पश्चिमेला, त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी. घाट उतरला की हवा बदलते, बोली बदलते, ‘मला-तुला’चं ‘मले-तुले’ होतं आणि ताटही बदलतं. कागदोपत्री हा मराठवाडा. जेवायला बसलं की खानदेश.

माझे वडील संभाजीनगरला शिक्षक होते. परगावचा पाहुणा आला की त्याला लेणी दाखवायची जबाबदारी ते आनंदानं घेत, आणि लेण्यांइतकीच ओढ त्यांना घाटाखालच्या जेवणाची असे. त्यामुळे अजिंठा म्हटलं की पद्मपाणीच्या चित्राच्या जोडीनं मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आठवते. या डिसेंबरात निघाले ती मुख्यतः जेवणासाठीच. सोबत बहिणीचा मुलगा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. त्यानं लेणी शाळेच्या सहलीत पाहिली होती. कळणा मात्र कधी चाखला नव्हता.

फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा. दोन्ही अंगांना वेचणीला आलेली कपाशी, मधूनमधून काढलेल्या मक्याचे ढीग. सिल्लोडचा परिसर हिरव्या मिरचीचा. इथली मिरची पार दूरदूरच्या बाजारांत जाते आणि घाटाखालच्या ठेच्यालाही तीच लागते. अजिंठा गाव मागे पडलं की घाट सुरू होतो, आणि शेवटच्या वळणावरून खाली सगळा सपाट मुलूख उघडा पडतो. वडील इथे गाडी थांबवून पाहुण्यांना म्हणायचे, “आता भूक लागेल बघा.” आणि लागायची.

फर्दापूर हे प्रवाशांना जेवू घालणारं फार जुनं गाव. मोगल काळातली सराई इथे आहे, तिच्या दरवाज्यांवरून तिचा पसारा कळतो. दख्खनकडे जाणारे काफिले घाट चढण्याआधी इथे मुक्काम करत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, त्यानंतर पाहणारे आणि चितारणारे येऊ लागले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून कितीतरी वर्षं चित्रांच्या नकला करत याच टापूत राहिला. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी तंबू ठोकून राहिली. निजामाच्या राजवटीत फर्दापूरला प्रवाशांसाठी बंगला होता. म्हणजे शतकानुशतकं या गावात कुणीतरी परक्या माणसासाठी चूल पेटवत आलेलं आहे. त्या चुलीवर काय शिजायचं याची नोंद कुणी ठेवली नाही. चित्रांच्या नकला झाल्या, लेण्यांना क्रमांक पडले, शिलालेख वाचले गेले. जेवण तेवढं तोंडातोंडीच राहिलं.

वडिलांचं ठरलेलं हॉटेल याच रस्त्यावर. पूर्वी ते म्हणजे पत्र्याची शेड, चार लांब बाकं आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली काळी पाटी. पाटीवर सात-आठच गोष्टी असत. शेवभाजी. पाटोडीचा रस्सा. घोटलेली वांग्याची भाजी. उडदाची डाळ. थंडीत भरीत. खाली वेगळ्या ओळीत, जरा मोठ्या अक्षरात, ‘कळण्याची भाकर व ठेचा’. आज तिथे काचेचं दार आहे, एसीची खोली आहे, दिव्यांची पाटी आहे आणि बारा पानांचं चकचकीत मेन्यूकार्ड. पनीर टिक्का मसाला, पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस, तवा पुलाव. मी शेवटच्या पानापर्यंत गेले. शेवभाजी होती. पाटोडी नव्हती, घोटलेली वांगी नव्हती, उडदाची डाळ नव्हती. भाकरी होती, ‘ज्वारी/बाजरी, उपलब्धतेनुसार’. कळणा नव्हता. भाचा म्हणाला, “मावशी, हा तर आमच्या कॉलेजबाहेरच्या हॉटेलचाच मेन्यू आहे.”

हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मी उगाच हळवेपणात ढकलणार नाही. पन्नास वर्षांची खानावळ ज्या एका ओळीमुळे ओळखली जायची, ती ओळ पुसली गेली होती आणि गल्ल्यावरच्या माणसाखेरीज तिची आठवण असणारं तिथे कुणी नव्हतं.

गल्ल्यावर जुन्या मालकांचा मुलगा होता. वडिलांचं नाव सांगितल्यावर ओळख पटली. त्यानं चहा मागवला आणि समोर येऊन बसला.

“ताई, कळणा आम्ही काढला नाही. सुटत गेला,” तो म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण असं हॉटेल बदललं की आपण पहिल्यांदा मालकाला दोष देतो. लेण्यांना येणारी ट्रॅव्हल्सची गाडी जेवायला चाळीस मिनिटं थांबते. पन्नास माणसं एकदम उतरतात. तंदूर तापलेला असला की रोट्या भराभर निघतात, आणि तंदूरवाला कारागीर मिळतो. भाकरी एका तव्यावर एकच होते. थापायला हात सराईत लागतो, शेकायला नजर लागते. भाकरी करणाऱ्या काकू त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होत्या. त्यांचे गुडघे गेले, सून मोंढ्यात कामाला लागली, दुसरी बाई दोन महिने टिकली. आणि भाकरी वाट पाहत नाही. तव्यावरून थेट ताटात गेली तर ती भाकरी, अर्धा तास डब्यात राहिली की वातड. भाज्यांचं तसं नसतं. सकाळी लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या तयार करून ठेवल्या की त्यांतून कार्डावरच्या तीस भाज्या होतात. पनीर फ्रिजमध्ये राहतं. शेवभाजी का टिकली, तर शेव डब्यात महिनाभर राहते आणि काळा मसाला वर्षभर. रस्सा उकळला, शेव सोडली, भाजी टेबलावर.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. दिल्लीचा, बंगालचा, तामिळनाडूचा पाहुणा मेन्यूकार्ड उघडतो तेव्हा त्याला ओळखीचं नाव हवं असतं. लेकरं भुकेली असतात, पुढची गाडी गाठायची असते, त्यात ‘कळणा म्हणजे काय’ विचारायला सवड कुणाला? वेटर पोरगा बिहारचा. त्यानंही कळणा कधी खाल्लेला नाही, तो काय समजावणार? विचारणारं नाही, सांगणारं नाही. पहिल्यांदा रोज होणारी भाकरी शनिवार-रविवारवर आली, मग ‘ऑर्डरप्रमाणे’ झाली, आणि कार्ड नव्यानं छापायची वेळ आली तेव्हा ती ओळ टाकायची राहिली. कुणी ठरवून घेतलेला निर्णय नव्हता.

यादीतून पदार्थ गेल्याचं दुःख मी दुसरीकडेही ऐकलं आहे. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिची मुलं तिथल्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात दर सुट्टीत जातात. एकदा ती फोनवर फार हिरमुसली होती, कारण तिथल्या एका हॉटेलनं त्यांचा लाडका पदार्थ यादीतून काढला होता. “पाळणे बदलले तर मुलांना चालतं, पण ते खाणं गेलं म्हणून धाकटी रडली,” असं ती म्हणाली. तेव्हा मला नवल वाटलं होतं. पण फिरायला गेल्यावरचं जेवण माणसाच्या मनात जागेला चिकटून बसतं, मग ते उद्यान असो की लेणी. या उद्यानांची स्वयंपाकघरंही नेमानं पदार्थ काढत आणि घालत असतात. पण त्या उद्यानात आणि फर्दापुरात एक फरक आहे, आणि माझ्या दृष्टीनं तोच मुख्य आहे. उद्यानातला पदार्थ कुणीतरी आखलेला असतो. तो गेला तर दुसरा आखता येतो. कळण्याची भाकरी हॉटेलनं आखलेली नव्हती. ती हॉटेलमागच्या शेतातून आली होती.

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद, मीठ घालून एकत्र दळलेले. ज्वारी जास्त, उडीद कमी. प्रत्येक घराचं माप निराळं. दोन्ही खरिपाची पिकं. उडीद लवकर निघतो, ज्वारी मागून येते, आणि दिवाळीच्या सुमारास दोन्ही घरात असतात. जनावरांना कडबा मिळतो, जमिनीला उडदाचा बेवड मिळतो, माणसांना कळणा. ज्या शेतात हे दोन्ही होतं त्या घरात कळणा आपोआप होतो, वेगळं काही आणावं लागत नाही. २००२ नंतर बीटी कपाशी आली, तिच्या पाठोपाठ मका वाढला, आणि या पट्ट्यातला खरीप जवळजवळ त्या दोघांनी वाटून घेतला. ज्वारीच्या कणसांवर पाखरं बसतात, राखण करायला माणूस नाही. कपाशीला रोख पैसा. शेतकऱ्यानं जे केलं त्यात चूक काढायचा मला अधिकार नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, आणि तो प्रस्ताव भारताचाच होता. त्या वर्षी ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, ज्वारीचा पास्ता अशी पाकिटं शहरांत आली. ज्वारीच्या भाकरीला हॉटेलच्या कार्डावर जागा मिळवून द्यायला तेवढ्यानं भागत नाही. त्यासाठी थापणारा हात आणि त्या हाताला तंदूरवाल्याइतका पगार लागतो. माझं स्पष्ट मत आहे की मेख इथेच आहे. तंदूरवाला ‘कारागीर’ म्हणून येतो आणि पगार ठरवून घेतो. भाकरी करणारी बाई ‘मदतीला’ म्हणून येते.

दुपारी आम्ही लेण्यांना गेलो. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी गाड्या ठेवायच्या आणि एसटीच्या गाडीनं पुढचे चारेक किलोमीटर जायचं. रंगीत स्फटिकांच्या दुकानांतून वाट काढत आम्ही गाडीत बसलो. लेण्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. ज्यांनी लिहावं त्यांनी भरभरून लिहिलं आहे. मला पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचं छत पाहायचं होतं.

पहिल्या लेण्यात शिरलं की सगळ्यांचे डोळे पद्मपाणी आणि वज्रपाणीकडे जातात, साहजिकच आहे. छत चौकोनांत विभागलेलं आहे. त्या चौकोनांत फुलं, हंस, बैल, विनोदी खुजी माणसं आणि फळं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या नकला करत होते. त्यांच्या त्या नकलांपैकी बऱ्याच पुढे लंडनला आगीत गेल्या, पण १८९६-९७ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात छतावरच्या फळांची ओळख पटवण्याचा प्रयत्न आहे. आंबा त्यांनी ओळखला. एक गोल फळ बेल किंवा लिंबू असावं असं म्हटलं. आणि एक वांग्यासारखं दिसतं असं नोंदवलं.

ते वाचल्यापासून मी दरवेळी ते वांगं शोधते. अंधुक उजेड, मान मोडून वर पाहायचं, पहारेकरी पुढे सरकायला सांगतो. यंदा भाच्याचे तरणे डोळे कामी आले. त्यानं एका चौकोनात देठाचा कोन दाखवला, खाली फुगीर, किंचित वाकडा आकार. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, या डोंगरात बसलेल्या चित्रकारानं बुद्धाच्या मंदिराच्या छतावर काय काढावं, तर सभोवार पिकणारी गोष्ट. ते खरोखर वांगंच आहे की नाही यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. माझ्या मनानं केव्हाच कौल दिला आहे.

बाहेर पायऱ्यांवर टेकलो तेव्हा भाच्यानं बिनतोड प्रश्न टाकला. “त्या काळी मिरची कुठे होती? शेंगदाणा कुठे होता? दोन्ही अमेरिकेतून आले ना? म्हणजे तुझं भरीतसुद्धा बदललेलंच आहे. मग मंचुरियन आलं तर बिघडलं काय?”

प्रश्न रास्त आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली आणि आज सिल्लोडचा शेतकरी तिच्यावर उभा आहे. मंचुरियनशी माझं भांडण नाही, भाच्याला ते आवडतं आणि त्यानं ते खावं. पण मिरची आली ती परसात लावली गेली, पाट्यावर वाटली गेली, बायकांनी ती किती घालायची ते ठरवलं, आणि वांग्याला तिनं हाकललं नाही. पदार्थ घरात बदलतो तेव्हा खाणारा आणि करणारा दोघंही हजर असतात. फर्दापूरच्या कार्डावर जो बदल झाला तो गाडी किती वेळ थांबते आणि फ्रिजमध्ये काय राहतं यानं ठरवला. जेवणाऱ्याला कुणी विचारलं नाही, करणारीलाही नाही.

संध्याकाळी सोयगावला पोचलो. बाजाराचा दिवस नव्हता, गाव निवांत होतं. बसस्थानकाजवळ वडापाव आणि चायनीजच्या गाड्या लागलेल्या. तालुक्याच्या गावीही पोरांची गर्दी त्याच गाड्यांवर. उत्तरेला शेंदुर्णी अगदी जवळ. तिथून जाणारी पाचोरा-जामनेर छोटी गाडी, जिला सगळा मुलूख ‘पीजे’ म्हणायचा, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. त्या गाडीनं सोयगावकडचे लोक खानदेशात सोयरिकी करत आणि सोयरिकींबरोबर पदार्थ ये-जा करत.

एका पिठाच्या गिरणीत चौकशी केली. गिरणीवाले काका पांढरेधोप, भुवयांवर पीठ. “कळणा? दळतो ना. पण सगळ्यात शेवटी,” ते म्हणाले. आधी दळला तर मागच्या गव्हात उडदाचा आणि मिठाचा अंश उतरतो, लोक ओरडतात. म्हणून कळण्याचे डबे कोपऱ्यात वेगळे ठेवलेले होते. डबे होते! काकांनीच एका खानावळीचं घर सांगितलं. पाटी नाही, कार्ड नाही. सरकारी कचेरीतले बाहेरगावचे दोन-चार कर्मचारी महिन्याच्या हिशेबानं जेवतात. दारात गेलो तर एक पन्नाशीच्या बाई पदर खोचून उभ्या.

“आता व्हनार नाही ताई. कळण्याचं जेवाचं तर आदल्या दिवशी सांगाले लागते,” त्या म्हणाल्या. मग भाच्याकडे पाहून, “पोरगं कधी खाल्लेलं नाही म्हनते? उद्या सकाळी या. भरीतबी करते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात होतो. भरताची वांगी खानदेशाची खासियत. मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, बिया कमी. शेजारच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळ्यालाही. तीन विटांच्या मधे त्यांनी पऱ्हाट्यांचा जाळ केला. कपाशी वेचून झाली की उरणाऱ्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला साल जळल्याचा वास येतो, पऱ्हाट्यांच्या जाळात वांगं धुरासकट आतपर्यंत मऊ होतं. वांगी त्यांनी काडीनं टोचून फिरवली, साल काळी होऊन फाटली, आतून पाणी सुटून जाळात चुरचुरलं. मग ती ताटलीखाली झाकून ठेवली. तोवर त्याच निखाऱ्यांवर हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून झाला.

सोललेली वांगी त्यांनी लाकडाच्या बडगीत घातली आणि ठेचायला सुरुवात केली. मिक्सर घरात होता, मी पाहिला. “मिक्सरमधे पानी सुटते, चव जाते,” एवढंच म्हणाल्या. मिरची-लसूण-मीठ आधी, वांगं मागून, मग कच्चे शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल तापवून जिऱ्याची फोडणी. टोमॅटो नाही, कांदा परतणं नाही.

कळण्याचं पीठ करड्या रंगाचं, हाताला जरा रवाळ लागतं. गरम पाण्यात मळलं की उडीद चिकटपणा देतो, त्यामुळे साध्या ज्वारीच्या पिठापेक्षा ते चांगलं धरतं. भाकरी जाडच करायची. परातीत थापताना त्यांचा डावा हात कड सांभाळत होता आणि उजवा हात भाकरी फिरवत होता. तव्यावर पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी उभी लावली. फुगली. भाच्याच्या ताटात टाकून त्यांनी अंगठ्यानं तिचा पापुद्रा फोडला, आत कच्चं तेल सोडलं, वर ठेचा ठेवला.

तो खात होता तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही, उगाच दडपण नको. तिसरी भाकरी त्यानं मागून घेतली. मग त्यानं त्यांना विचारलं, “मावशी, ह्याचे किती घेता?” त्यांनी सांगितलेला आकडा फर्दापूरच्या एका पनीरच्या भाजीपेक्षा कमी होता. तो आकडा दोन माणसांच्या सबंध जेवणाचा होता, भरीत धरून. आम्ही जास्त दिले. त्या घेईनात. शेवटी त्यांच्या नातीच्या हातावर ठेवले.

तालुक्यातलंच पळसखेडं म्हणजे ना. धों. महानोरांचं गाव. १९४२ साली ते तिथे जन्मले, १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ आल्या, आणि आयुष्यभर ते शेतकरी आणि कवी असे दोन्ही राहिले. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले. आपल्या भागातली लोकगीतं त्यांनी ‘पळसखेडची गाणी’त जमवली, ती जमवली म्हणून आज वाचायला आहेत. त्या गाण्यांतल्या बायका ज्या जात्यावर दळत होत्या त्याच जात्यात कळणाही पडत असणार. गाण्यांना जसा गावचाच, कान असलेला माणूस मिळाला तसा या पदार्थांनाही मिळावा असं मला मनापासून वाटतं. खानदेशी पाककृतींची पुस्तकं आहेत, चांगली आहेत. पण कुठल्या गिरणीत कळणा शेवटी दळतात, कुठल्या घरी उडदाचं माप किती, पाटोडी रश्श्यात कधी सोडायची, खापरावरचे मांडे आता कुणाच्या हातचे होतात, हे गावोगाव बसून लिहून घ्यायचं काम आहे. सोयगावच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींना आपल्या आज्यांकडून एका सुट्टीत हे लिहून आणता येईल. मी तिथल्या एका प्राध्यापकांशी बोलले. त्यांना कल्पना आवडली, मुली तयार होतील म्हणाले. मुलगेही तयार व्हावेत, असं मी म्हटलं.

परतताना हळदा घाटानं जायचं ठरलं होतं, वेताळवाडीचा किल्ला वाटेवरच लागतो. पण मी गाडी पुन्हा फर्दापूरकडे वळवायला सांगितली. भाचा काही बोलला नाही. मालक गल्ल्यावरच होते. मी सोयगावच्या बाईंचा निरोप सांगितला, तो असा: तयार भाकऱ्या त्या पाठवणार नाहीत, वाटेतच वातड होतील. कळण्याचं पीठ देतील, तेही आठवड्यापुरतं, कारण पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापताना कडा तुटतात. आणि त्यांची पुतणी फर्दापूरलाच दिलेली आहे, तिचा हात चांगला आहे. पण ती धुणंभांडी करायला येणार नाही, भाकरीचंच काम करील आणि तंदूरवाल्याला जे मिळतं ते घेईल.

मालकांनी बराच वेळ हिशेब केला. कॅल्क्युलेटरवर आकडे टाकले, खोडले. मग म्हणाले, “रोज नाही जमणार ताई. रविवारी ठेवतो, होळीपर्यंत. भरताची वांगी तोवरच चांगली मिळतात. लोकांनी खाल्लं तर पुढचं पाहू.” पगाराचं त्यांनी पुतणीशीच बोलून ठरवायचं कबूल केलं. भाच्यानं तिथल्या तिथे कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चार-चार ओळी लिहिल्या: कळणा कशाचा, चव कशी, कशाबरोबर खायचा. वेटर पोरानं त्या मोठ्यानं वाचल्या आणि मालकांना विचारलं, “पहले मुझे खिलाओगे ना?”

जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते. सोमवारी लेणी बंद असतात आणि कळणा रविवारीच मिळणार, तेव्हा रविवार गाठावा. सकाळी लवकर लेण्यांत शिरावं, उन्हं चढायच्या आत पहिल्या लेण्याचं छत नीट पाहून घ्यावं आणि दुपारी एकच्या सुमारास खाली उतरावं. माणसं किती ते शनिवारी संध्याकाळपर्यंत हॉटेलला फोन करून कळवावं. फर्दापुरात कुठल्याही हॉटेलात बसलात तरी कार्ड उघडण्याआधी कळणा आहे का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर उडदाची डाळ विचारा, पाटोडी विचारा.